दोन सीटांची मोटार आणि माझा नंबर

मोटारीची जुनी गादी उसवली की आतून काय काय निघतं. काथ्या तर असतोच, पण शेंगांची टरफलं, कुणाचं बटण, कुणाच्या विडीचं थोटूक. मुद्दाम कुणी ठेवलेलं नसतं. माणसं बसतात, उठतात, काहीतरी मागं राहतं. किस्सेही असेच साठतात.

भवानी पेठेत आमचं दुकान होतं. आमचे धनी टांग्यांचे टप बसवायचे. सोलापुरात मोटारी आल्या तसे मोटारींचे हूड बसवू लागले. गाद्या मी शिवायची. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षरं शिकले दुकानांच्या पाट्यांवरून, आणि मोटार चालवायला शिकले दुकानात उभ्या असलेल्या मोटारींत बसून. ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्यावं.

परवा नातवाच्या मित्रानं विचारलं, "आजी, शौकीन माणूस स्पोर्ट गाडी साधारण किती दिवस ठेवतो?"

मी म्हटलं, "मला दिलेला शब्द पाळायची वेळ येईपर्यंत."

त्याला कळलं नाही. म्हणून लिहिते.

त्या काळात, म्हणजे इंग्रज होते तेव्हा, आमच्या गिऱ्हाइकांत चार मोटारवेडे मित्र होते. एक वकील, एक डॉक्टर, एक तेलाचे व्यापारी मल्लाप्पा शेठ आणि चौथे माढ्याकडचे पाटील. रोज संध्याकाळी वकिलांच्या ओट्यावर जमायचे आणि मोटारीशिवाय बोलायचे नाहीत. चौघांत मिळून मोटार एकच. लाल, दोन सीटांची, मुंबईहून आणलेली. त्यांचा नियम असा, की ज्याला कंटाळा येईल त्यानं ती उरलेल्या तिघांपैकी एकाला द्यायची, बाहेर नाही. आणि ज्याच्या हाती येई त्याला आधीच्याची गादी चालत नसे. लगेच आमच्याकडे.

मी प्रत्येकाला एकच अट घालायची. "गादी अशी शिवीन की बघत राहाल. पण गाडी तयार झाली की एक फेरी चाक माझ्या हातात."

चौघेही हो म्हणाले. बायकांना हो म्हणणं पुरुषांना फार सोपं जातं.

*

पहिले वकील. गाडी आली आणि ते कोर्टात असे सुसाट जायला लागले की शिपायाच्या आधी हजर. पण केसेस हरू लागले. चार ठिकाणी चौकशी झाली, कुणाची दृष्ट लागली का, देवाचं काही राहिलं का.

शेवटी त्यांनीच ओट्यावर कबूल केलं. "अहो, पूर्वी टांग्यात बसलं की कोर्ट येईपर्यंत कागद वाचून व्हायचे. आता कोर्ट आधी येतं."

गाडी डॉक्टरांकडे गेली. माझी फेरी राहिली.

*

डॉक्टरांनी निळ्या गाद्या करून घेतल्या. गाडी गल्लीत शिरली की सगळी गल्ली बाहेर. एकदा ते तापाचा पेशंट बघायला गेले, तर अंथरूण रिकामं. पेशंट बाहेर, घोंगडी पांघरून, बॉनेटवर हात ठेवून उभा.

"आत चला, तपासतो."

"राहू द्या डॉक्टर, हितंच लई बरं वाटतंय. गरम हाय."

मग तशी रीतच पडली. लोक औषध घेईनात. गाडीला हात लावायचे आणि घरी जायचे. काहींना गुणही आला. डॉक्टरांनी ते मनाला लावून घेतलं. मी फेरीची आठवण करायला गेले तर म्हणाले, "बाई, त्या गाडीचं नाव माझ्यासमोर काढू नका."

*

मग गाडी मल्लाप्पा शेठांकडे. शेठ म्हणजे देहानं दोन माणसांएवढे. ते चाकामागं बसेनात. बसवले तर निघेनात. पहिल्या दिवशी त्यांचं जेवण गाडीतच वाढावं लागलं.

मला म्हणाले, "अव्वा, गादी काढ की."

मी गादी उसवली, निम्मा काथ्या काढला. तरी मावेनात. मग सगळाच काढला आणि फळीवर नुसतं कातडं ठोकलं. शेठ बसले, पण इतके खाली गेले की बाहेरून फक्त डोक्याला बांधलेला पिवळा रुमाल दिसायचा. रस्त्यात माणसं थबकायची. मोटारीत माणूस नाही, नुसता रुमाल चाललाय. एका म्हातारीनं चपला काढून हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी चार म्हाताऱ्या, आणि नारळ.

शेठ देवभोळे. घाबरले. "देवाच्या नावाचं आपण खाल्लं तर अंगावर येतंय," म्हणाले. पण गाडीला लोकांनी ओळखू नये म्हणून आधी ती हिरवी रंगवली आणि मगच, आपलं नाव न सांगता, आमच्याकडे विकायला ठेवली.

*

हिरवी गाडी आमच्या दुकानात उभी, मी काळ्या गाद्या ठोकत होते. वकील आले. चारी बाजूंनी फिरले, हँडल मारून आवाज ऐकला, डोळे मिटले.

"वा. याला म्हणतात इंजिन. माझ्या त्या लाल डबड्याला हे जन्मात जमलं नसतं."

आमचे धनी तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. म्हटलं, "तर काय. त्या डबड्याला हिची सर तरी आहे का?"

घेतली त्यांनी. घरी नेली, आईला बसवलं. म्हातारीनं फळीखाली हात घातला आणि आपली हरवलेली जपाची माळ बाहेर काढली.

"दिनू, ही तीच गाडी आहे."

वकील म्हणाले, "आई, माळ दुसऱ्या गाडीतसुद्धा असू शकते."

महिनाभर त्यांनी हा मुद्दा लढवला. मग हरले आणि गाडी पाटलांना दिली. माझी फेरी? मी विचारलं तर म्हणाले, "तुमची अट लाल गाडीची होती."

*

आता पाटील. त्यांच्या वाडीत पोळा आला. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "मोटारबी राबतीच की. तिनं काय पाप केलंय?" म्हणून मोटारीच्या दिव्यांना गेरू लावला, पुढं गोंडे बांधले, ओवाळली. इथपर्यंत ठीक होतं. पण पोळ्याला ओवाळून कुणी उपाशी ठेवतं का? ज्ञानू गड्यानं पाणी घालायचं तोंड उघडलं आणि तीन पुरणपोळ्या चुरून, वर तूप सोडून, आत सारल्या.

पाटील ओरडले तर ज्ञानू म्हणाला, "मालक, गटागटा खाल्ल्या की तिनं. भूक लागली व्हती."

त्यानंतर मोटार सुरू झाली नाही.

*

पाटलांनी नियम मोडला. विजापूरच्या एका कंत्राटदाराला गाडी देऊन टाकली. बैल जुंपून ओढत आमच्या दुकानापर्यंत आणली, का, तर निदान गाद्या तरी नव्या दिसाव्यात. दुसऱ्या दिवशी स्टेशनावर वॅगनमध्ये चढवायची. मी गाद्या शिवल्या. टाके घालताना कळत होतं, ही सोलापूर सोडून गेली की माझा नंबर कायमचा गेला.

सकाळी ज्ञानूनं बैल जुंपले. चाक धरायला कुणीतरी आत बसायला हवं होतं. पण भर बाजारातून, बैलांनी ओढलेल्या स्पोर्ट मोटारीत, मिशीवाला माणूस बसणार कसा? पाटलांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी डॉक्टरांकडे. डॉक्टर आभाळाकडे बघू लागले. शेठ म्हणाले, "मी बसलो तर बैल बसतील."

"सरा," मी म्हटलं, पदर खोचला आणि बसले.

धनी हळूच म्हणाले, "अगं, हे काय चालवणं झालं का?"

"चाक माझ्या हातात आहे. पुढं कोण ओढतंय त्याच्याशी मला काय करायचंय?"

निघालो. ज्ञानू बैलांपुढं कासरा धरून, आणि मागं बऱ्याच अंतरावर, आपला काही संबंध नसल्यासारखे, टांग्यात ते चौघे. चौकात गर्दी होती. मी भोंगा दाबला.

"आक्का, भोंगा नगं, बैलं बुजत्यात," ज्ञानू म्हणाला. पण तोवर कासरा त्याच्या हातातून गेला होता. बैल उधळले. भाजीवाल्या बाजूला, सायकली बाजूला, मिलची सुटलेली पाळी भिंतीला चिकटून उभी. वळण आलं, मी घेतलं. दुसरं आलं, तेही घेतलं. ती मोटार इंजिनावर तशी कधी पळाली नव्हती.

तळ्याजवळ बैल दमून थांबले. मागून टांगा आला. घोड्याला फेस, आणि वकील टांग्यात उभे, डोळे चमकत होते.

"पाटील, तो विजापूरचा सौदा मोडा. काय पळते हो. मी घेतो, आत्ता घेतो." मग माझ्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, उतरता का?"

मी पदर पुन्हा खोचला. "वकीलसाहेब, आत्ता कुठं माझा नंबर आलाय," म्हटलं, आणि भोंगा दाबला.