भुयारातला सरवा

माझ्या वयाच्या बाकीच्या शिक्षिका दुपारी तीन ते पाच काय करतात मला माहीत नाही. मी राक्षस मारते. मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिचा व्हिडिओ गेम टीव्हीखाली राहिला, आणि एक दिवस धूळ पुसता पुसता मी तो लावून बघितला. शाळा सकाळची. मेहरूणच्या आमच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोरून उठायची सोय नसते. बसल्या बसल्या मी पार शेवटच्या पातळीच्या भुयारापर्यंत जाऊन पोचले. शाळेत हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

खेळ तसा सोपा आहे. भुयारात शिरायचं, राक्षस मारायचे. मेले की त्यांच्याजवळच्या वस्तू जमिनीवर पडतात. नाव पांढऱ्या अक्षरांत आलं तर भंगार, निळ्या अक्षरांत आलं तर बरी वस्तू, सोनेरी आलं तर दुर्मिळ. मला एक सोनेरी टोप हवा होता. तो त्याच भुयारातल्या शेवटच्या राक्षसाकडून पडतो, तोही त्याला लहर आली तर. म्हणून तेच भुयार रोज तीन-तीनदा. खेळणारे लोक याला फार्मिंग म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात मी वडिलांना, म्हणजे नानांना, शिंदखेड्याजवळच्या गावाहून माझ्याकडे आणलं. त्यांना लकव्याचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणंही सावरलं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना ओळख देईनात. सकाळी लेंग्याची नाडी माझा नवरा बांधायचा. नाना तेव्हा भिंतीकडे बघत उभे राहायचे. इलॅस्टिकचा लेंगा आणला तर तो त्यांनी घडीसुद्धा न मोडता परत माझ्या हातात दिला. आई गेल्यापासून गावी ते एकटेच असतात, आणि त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की ही दोन बोटं जुळल्याशिवाय गावी जायचं नाही. जावयाकडून नाडी बांधून घेतली तेवढी पुरे, शेजाऱ्यांकडून नको.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं मऊ चेंडू दिला, कपडे वाळत घालायचे चिमटे दिले. नानांनी दोन दिवस चिमटे दाबले आणि तिसऱ्या दिवशी ते दोरीवर नेऊन लावले. "मी काय ल्हान पोऱ्या शे?" मी रागावले, ते माझ्यापेक्षा जास्त रागावले. आमच्या घराण्यात राग सगळ्यांना सारखा वाटून आला आहे.

मग ते माझ्यामागे खुर्ची टाकून माझा खेळ बघायला लागले. पहिल्याच दिवशी पडलेली वस्तू उचलायला सांगत ओरडले, "ते काय पडेल शे? लई ले ना!"

"नाना, ते पांढरं शे. भंगार."

"मंग? वावरमा पडेल काही सोडतस का?"

मी त्यांना फार्मिंग समजावून सांगितलं. त्यांना हसू आवरेना. "पेरं कोनी? हाई शेती नही शे, बेटा. हाऊ सरवा शे."

सरवा म्हणजे काढणी झाल्यावर वावरात मागे राहिलेलं धान्य, शेंगा, बोंडं. ते ज्याचं वावर त्याचं नसतं, वेचेल त्याचं असतं. माझी आजी भुईमूग काढून झालेल्या दुसऱ्यांच्या वावरात दिवसभर माती उकरत बसायची, शेजारी नाना. त्या शेंगांवर त्यांचे लहानपणचे कितीतरी दिवस निघाले. हे मला माहीत होतं, पण माझ्या टीव्हीवर ते असं पुढ्यात येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मुलीचा खेळायचा जुना रिमोट शोधून त्यांच्या हातात दिला आणि तिनं वाढवलेला तगडा योद्धा त्यांच्या नावे केला. चालायचं काम डाव्या हाताचं, वेचायचं बटण उजव्या अंगठ्याखाली. मारायचं मी, वेचायचं नानांनी. पहिले काही दिवस अंगठा बटण सोडून भलतीकडेच जायचा, पण सरवा सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. चिमट्यांना कंटाळलेला माणूस मोडक्या ढालींसाठी दोन-दोन तास अंगठा दाबत बसायला लागला. मी स्वतःच्या हुशारीवर फार खूश होते.

एकच भांडण रोज व्हायचं. झोळीत ठरावीकच वस्तू मावतात, आणि नानांची झोळी भुयाराच्या अर्ध्यातच मोडक्या ढाली, गंजक्या तलवारी, फाटके जोडे यांनी भरून जायची. वस्तू टाकून द्यायची तर तर्जनीनं वरचा खटका दाबून धरायचा आणि त्याच वेळी अंगठ्यानं खालचं बटण दाबायचं. दोन बोटांचं एकत्र काम. ते त्यांना जमत नव्हतं, आणि जमलं असतं तरी त्यांनी काही टाकलं नसतं. म्हणून मीच त्यांचा रिमोट घेऊन झोळी रिकामी करायची, आणि ते "ती ढाल ऱ्हाऊ दे, ती चांगली शे" म्हणून मागे लागायचे.

त्या दिवशी शेवटचा राक्षस मरता मरता मला घेऊन मेला. पडद्यावर माझी बाई आडवी झाली, आणि राक्षसाच्या पायापाशी सोनेरी अक्षरं उमटली. टोप! आता भुयाराचं दार अर्ध्या मिनिटात बंद होणार होतं, आणि जिवंत होते फक्त नाना.

"लई ल्या नाना, लई ल्या!"

नानांनी अंगठा दाबला. झोळी भरलेली आहे, असा संदेश आला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. "जागा नही शे म्हने!" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोठ्या अन्यायाविरुद्ध दाद मागणाऱ्याचा होता.

मी रिमोट ओढायला हात पुढे केला. त्यांनी कोपरानं तो झटकला. "थांब!" झोळी उघडली. तोंडानं पुटपुटत एकेक वस्तू बघितली. खाली आकडे उतरत होते आणि हा माणूस फाटक्या जोड्यांपैकी कोणता बरा ते ठरवत होता. मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी ओठ दातांखाली दाबला, तर्जनी वरच्या खटक्यावर आली, तिथेच थांबली, आणि अंगठा खाली गेला.

एक मोडकी ढाल जमिनीवर पडली. टोप झोळीत गेला. दार बंद झालं.

मी मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. इतके दिवस ज्या टोपासाठी जीव टाकला तो कसा दिसतो हेही मी तेव्हा बघितलं नाही. मला रडू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना.

"आते रडस काबर?" नाना वैतागले. "भेटी गया ना तुना टोप!"

मी त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. त्यांनी खाली बघितलं. रिमोट मांडीवर ठेवला, अंगठा तर्जनीला टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवल्यावर हळूच दोन्ही बोटं एकमेकांवर घासली, चिमूटभर मीठ घेतल्यासारखी. चेहरा असा उजळला की आई गेल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता.

"आते मी घर जासू, माय," ते म्हणाले.

मी डोळे पुसले, हो म्हटलं, शिंदखेड्यावरून जाणारी सुरतकडची गाडी सकाळी कितीला आहे तेही सांगितलं. आनंद झालाच होता, अगदी पोटातून झाला होता. पण त्यांच्या पिशवीत घालायचे कपडे दोरीवरून काढताना मनात आलं, ही बोटं आणखी महिनाभर जुळली नसती तरी माझं काही अडलं नसतं.