पडद्यावरचं यंत्र आणि आमच्या बाई

मिरजेत आमच्या डी.एड. कॉलेजात परवा डिजिटल फळा आला. खोकं उघडताच नव्या प्लॅस्टिकचा उग्र वास आला आणि मला आटपाडीतला चौथीचा वर्ग आठवला.

तिथंही असाच फळा बसवला होता. पहिल्याच दिवशी गुरुजींनी खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधार केला आणि एक विज्ञानपट लावला. सिनेमातल्या शाळेत शिक्षक नव्हतेच. एक चकचकीत यंत्र पोरांना नावानं हाक मारायचं आणि पोरं पापणीही न हलवता एका सुरात उत्तर द्यायची. मी चाचपडत मागं भिंतीशी उभ्या असलेल्या आमच्या वर्गाच्या बाईंकडे गेले.

"बाई, आता तुमी जाणार व्हय?"

"न्हाई गं. सिनेमा हाय त्यो," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांचा हात घट्ट धरला. तो गार पडला होता, थरथरत होता. मला वाटलं, मीच थरथरतेय.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई आल्याच नाहीत. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या अंधारात माझ्यापेक्षा जास्त त्याच घाबरल्या होत्या.