लाल टाचणी

आमच्या आरोग्य कचेरीत माहिती जमवणारे एक कारकून होते. जिथे साथ, त्या गावावर भिंतीवरच्या नकाशात लाल टाचणी लावायची, हे त्यांचं काम. प्रत्येक टाचणी ते आधी धोतराला पुसत. खुर्चीत बसले की मालवणी विसरत.

मी देवी टोचणारा. "आरोंद्यात देवी आल्यात, लस द्या," म्हटलं, तर म्हणाले, "साहेबांची पाहणी होईपर्यंत नवी टाचणी नाही. टाचणी नाही, तर लस नाही."

तिथे पोरं फणफणतायत आणि हा टाचण्या पुसतोय!

संध्याकाळी तेच माझ्या दारात, मुलीसाठी. "माजा चेडू आरोंद्याक आसा रे, आजोळी. तेका पयला टोच."

"आरोंद्यात साथ खंय आसा?" मी ओरडलो. "नकाशार तर नाय!"

त्यांनी खिशातून लाल टाचणी काढली. "सकाळीच लावतंय," म्हणाले.