मी मावशींना समुद्र दाखवला

आमच्या घरात माझ्या बाजूने बोलणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी वहिनी. आई बोलायची नाही, भाऊ बोलायचा तो बाबांच्या बाजूने, आणि बाबांना बाजू घ्यावी लागत नसे, कारण घर त्यांचंच होतं. संपानंतर त्यांची गिरणी नीट सुरू झालीच नाही. आम्ही राहायचो त्या घाटकोपरलाच एका कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन म्हणून बसायला लागले होते. गेटवर बसून माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. त्यांचा मुख्य विचार म्हणजे माझं लग्न.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय इतिहास. पुढे बी.एड. करायचं आणि शाळेत शिकवायचं हे मी ठरवून टाकलं होतं, पण ठरवणं आणि घरात ते बोलून दाखवणं यांत बरंच अंतर होतं. ते अंतर माझ्यासाठी वहिनीने कापलं. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने पदर सावरून बाबांना सांगितलं की हिचं बी.एड. होईपर्यंत लग्नाचा विषय नको. नवी सून सासऱ्याशी असं बोलते म्हटल्यावर भावाने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, बरं. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी स्टेशनजवळ भेळ खाल्ली. माझ्या आयुष्यात तोवर एवढा मोठा विजय झाला नव्हता.

वहिनी माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, राजापूरकडची. तिला तीन वेळा 'दाखवली' होती, आणि ती गोष्ट ती मला गॅलरीत केस विंचरता विंचरता पुन्हा पुन्हा सांगायची. एकांनी सुईत दोरा ओवायला लावला. दुसऱ्यांनी ओटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखव म्हटलं. तिसऱ्यांनी वर्तमानपत्र वाचायला दिलं, आणि ते तिसरे म्हणजे आमचेच बाबा. सगळ्यांसमोर हातात पोह्यांच्या बशांचा ट्रे, नजर खाली, आणि समोरचे लोक बाजारात पापलेट बघावं तसे बघणार. सांगताना ती हसायची, पण शेवटाला आली की हमखास फणी जोरात ओढायला लागायची. मी एकदा म्हटलं, मी असला ट्रे घेऊन कुणासमोर उभी राहणार नाही. ती म्हणाली, तुझ्यावर ती पाळी मी येऊ देणार नाही. माझ्या गळ्याची शपथ घेऊन म्हणाली.

फेब्रुवारीत एक दिवस ती म्हणाली की तिच्या माहेरच्या नात्यातल्या एक मावशी गावाहून आल्यात, नवरा आणि मुलगा बरोबर आहेत, मुलुंडला कुणाकडे तरी उतरल्यात. त्यांनी मुंबई अशी पाहिलेलीच नाही. रविवारी सकाळी मुलुंडहून अर्ध्या दिवसाची मुंबई दर्शनची बस निघते, ती घाटकोपरला आपल्याला घेईल. तू चल. तो गाइड काय सांगणार डोंबल, तुझा इतिहास विषय आहे, तू नीट समजावून सांगशील.

आता मला कुणी इतिहासावरून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मी चढते, हे वहिनीला ठाऊक होतं. मी शनिवारी कॉलेजच्या लायब्ररीत बसून वहीत चार पानं टिपणं काढली. वहिनीने स्वतःची आकाशी साडी मला नेसायला दिली. फिरायला जाताना साडी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली देवळात जायचंय ना.

बस आली तेव्हा मावशी आधीच बसलेल्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलक्या. त्यांचे यजमान खिडकीशी पेंगत होते आणि मुलगा पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या मागे. मावशींनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. गाइड सफारी घातलेले पन्नाशीचे गृहस्थ होते. हातातल्या माइकमधून ते अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत आणि माइक मधेच शिट्टी मारी. पोर्तुगीजांनी आपल्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली हे सांगून ते म्हणाले, बघा, आमच्या सासऱ्याने मला एक सायकल दिली. सगळी बस हसली. मीही हसले, आणि वर मावशींना सांगितलं की तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटं होती. त्या म्हणाल्या, हो का?

हा 'हो का' मी दिवसभर ऐकला आणि दर वेळी फुशारले.

पहिला थांबा महालक्ष्मीचं देऊळ. पायऱ्यांपाशी मावशी म्हणाल्या, तू पुढे हो, मी येते मागनं. मी त्यांच्यासाठी थांबत थांबत चढत होते, तर त्या म्हणायच्या, थांबू नको, तू आपली चाल. वर त्यांनी अबोलीचा गजरा घेतला आणि स्वतःच्या हाताने माझ्या वेणीत माळला. माळताना वेणी मुळापासून टोकापर्यंत हातातून ओढून पाहिली आणि हसत म्हणाल्या, गंगावन नाही ना गं? वहिनी लगेच म्हणाली, नाही हो, स्वतःचेच, शिकेकाई लावते. मला त्या लाडाचं कौतुक वाटलं. माझ्या आईने माझ्या वेणीत कधी गजरा माळला नव्हता.

हँगिंग गार्डनच्या कठड्याशी उभं राहून मी मावशींना खालची चौपाटी दाखवली. हा समुद्र, म्हटलं. हा अरबी समुद्र. तिकडे तुमच्या गावाकडचा तोच, फक्त इथे किनाऱ्यावर इमारती. त्या समुद्राकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. मग बागेत वहिनीने डबा उघडला. कोथिंबिरीच्या वड्या होत्या. या हिनेच केल्यात, वहिनी म्हणाली. मी म्हटलं, काय गं वहिनी, पहाटे उठून तू केल्यास की. वहिनीने मला पायाने ढोसलं. मला वाटलं, किती मोठं मन हिचं, स्वतःच्या हातच्या वड्यांचं नावसुद्धा मला देते.

म्युझियममध्ये तर मी सुटलेच होते. जुन्या नाण्यांच्या पेटीपाशी मावशी म्हणाल्या, माझा चष्मा राहिला, एवढं वाच गं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, आणि ते कोपऱ्यातलं बारीक? तेही वाचलं. इंग्रजीतलं? तेही. त्या मान डोलवून यजमानांकडे बघत होत्या. यजमान पहिल्यांदाच नीट जागे झालेले दिसले. मुलगा कुठे होता मला आठवत नाही. हत्यारं बघत असावा.

शेवटचा थांबा गेटवे. एव्हाना ऊन चांगलंच तापलं होतं. कमानीखाली मी सांगत होते की ज्या राजासाठी हे बांधलं तो आला तेव्हा इथे नुसता पुठ्ठ्याचा नमुना उभा होता. मावशी म्हणाल्या, ते राहू दे, आपण फोटो काढू.

तेव्हा गेटवेला गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले असत. ते फोटो काढत, वहीत पत्ता लिहून घेत आणि पंधरा दिवसांनी प्रिंट टपालाने घरी येत. मावशींनी एकाला बोलावलं. आधी मला एकटीला उभं केलं. सरळ उभी राहा, म्हणाल्या, आणि फोटोवाल्याला, पूरा आना चाहिए, पाँव के साथ. मग मुलाला हाक मारली, हिच्या शेजारी उभा राहा रे जरा. तो येऊन उभा राहिला. मावशी दोन पावलं मागे गेल्या आणि मान तिरकी करून आमच्या डोक्यांकडे बघायला लागल्या.

फोटोवाल्याने वही काढून पत्ता विचारला. मावशींनी मुलुंड पश्चिमेचा पत्ता घडाघडा सांगितला. सोसायटीचं नाव, विंग, दुसरा मजला, बँकेच्या समोर, पिनकोडसकट.

मला अजूनही काही कळलं नव्हतं, हे सांगायला आज लाज वाटते. मी त्यांना म्हटलं, मावशी, तुम्ही तर परत गावी जाणार ना? प्रिंट यायला वेळ लागतो.

"गावी कशाला? अगं, बारा वर्षं झाली आम्हाला मुलुंडला," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. मग त्या वहिनीकडे वळल्या. "हिला काही सांगितलं नाहीत तुम्ही?"

वहिनी एलिफंटाच्या लाँचींकडे बघत राहिली.

सकाळपासूनचं सगळं मला एकदम दिसलं. पायऱ्या, वेणी, वड्या, नाण्यांखालची बारीक अक्षरं. मावशींची चूक नव्हती. त्या मुलगी बघायला आल्या होत्या आणि मुलगी बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, पोरगी धीट आहे, आपल्याला दाखवायला आणलंय हे माहीत असूनही न लाजता बडबडते. आणि मी त्या बाईला समुद्र दाखवला होता. बारा वर्षं मुंबईत राहिलेल्या बाईला मी बोट करून हा समुद्र म्हणून सांगितलं होतं. माझे कान तापले. त्या भर उन्हात, परक्या लोकांपुढे, मला रडूसुद्धा येईना इतका राग आला.

मी फोटोवाल्याला म्हटलं, दुसरा फोटो नको, आणि जाऊन बसमध्ये बसले. वहिनी येऊन शेजारी बसली तेव्हा उठून सगळ्यात मागच्या बाकावर गेले. तिथून घाटकोपरपर्यंत गाइडने प्रत्येकाला विचारलं, कैसी लगी मुंबई? माझ्यापर्यंत माइक आला. मी तो पुढच्या माणसाकडे दिला.

घरी बाबा धुतलेला शर्ट घालून बसले होते. आईने शिरा केला होता. भाऊ रविवार असून घरात होता. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या काकूसुद्धा दारातून डोकावून गेल्या, म्हणजे चाळीलाही. घाटकोपर ते गेटवे, माहीत नसलेली मी एकटीच होते.

बाबांनी मला समोर बसायला सांगितलं. त्यांचा आवाज मऊ होता, जसा मी लहानपणी आजारी पडले की व्हायचा. बी.एड.चं ते विसरले नाहीत, म्हणाले, पण स्थळ चांगलं आहे, मुलगा बँकेत आहे, अशी स्थळं थांबत नाहीत. जबरदस्ती कुणाची नाही. तुझं मत सांग.

"कसा वाटला मुलगा?"

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. तो उंच होता का? माझ्या शेजारी उभा राहिला होता, तरी आठवेना. चष्मा होता का? आवाज कसा होता? पाच-सहा तास एका बसमध्ये होतो आम्ही. त्याची आई, त्याचा बाप, माझी वहिनी, आणि बहुधा तोही, सगळ्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं होतं.

"मी त्याला पाहिलंच नाही," मी म्हटलं.

बाबांना तो उद्धटपणा वाटला. भाऊ म्हणाला, नाटकं करू नको. खरं काय ते आईला कळलं असावं, कारण तिने शिऱ्याचं पातेलं झाकून ठेवलं.

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर वहिनी मागून आली. रडत होती. म्हणाली, बाबांनी महिनाभर पिच्छा पुरवला होता, कांदेपोहे ठरवलेच होते त्यांनी. मग तिनेच तोडगा काढला. मोकळ्या हवेत, बोलता बोलता होऊन जाईल. ट्रे नाही, सतरंजी नाही, सुई नाही, चाल म्हणायला कुणी नाही.

"मी बसले तशी तू बसू नयेस म्हणून केलं गं. तुझ्यासाठीच केलं."

आणि हे खरं होतं. मला आजही वाटतं की ते खरं होतं. अपमान ट्रेमध्ये असतो अशी तिची समजूत होती, म्हणून तिने बिचारीने ट्रे तेवढा काढून टाकला. पण तेव्हा माझ्यात बिचारी म्हणण्याइतकी माया उरली नव्हती.

"वहिनी," मी म्हटलं, "तुला निदान माहीत तरी होतं ना, की आज बघायला येणार आहेत?"

ती एकदम थांबली. पदराचं टोक तोंडाशी तसंच राहिलं.

मुलुंडचा होकार मंगळवारी आला. मी नाही म्हटलं, आणि नाहीच म्हणत राहिले. बाबा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. स्थळ वहिनीच्या नात्यातलं, त्यामुळे तिकडच्यांनीही तिलाच बोल लावले आणि इकडच्यांनीही. मी तिच्या बाजूने एक शब्द काढला नाही. काढायला हवा होता. पुढे मी बी.एड. झाले, शाळेत लागले, लग्नही केलं, समोर बसून, नीट बघून. वहिनीशी माझं भांडण असं राहिलं नाही. सणावारी आम्ही एकत्र पुरणपोळ्या लाटल्या, तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी हॉस्पिटलात बसले.

फक्त ती कुठेही चल म्हणाली, अगदी कोपऱ्यावर भाजीला म्हणाली, तरी माझ्या तोंडून आधी निघायचंच, "आणखी कोण येणार आहे?" मी ते मुद्दाम विचारत नसे. आणि दर वेळी, न चिडता, पिशवीच्या बंदांकडे बघत ती सांगायची, "कुणी नाही गं. आपण दोघीच."