प्रतिभाचं ‘नाही’

प्रतिभा ‘नाही’ म्हणताना हसायची. साहेबांनी शनिवारी यायला सांगितलं की ऑफिसातले आम्ही सगळे खाली बघायचो. ती मात्र हसून म्हणायची, "नाही सर, जमणार नाही," आणि डबा उघडायची. मी तालुक्याच्या गावातून आलेली, घरातली पहिली पदवीधर. पुण्यात नोकरी मिळाली याच ओझ्याने माझी मान वर होत नसे. प्रतिभा अकोल्याकडची. मला कोपऱ्यात घेऊन म्हणायची, "नाही म्हणायले पैसे लागतात काय वं?" चारचौघांत बोलायला मी तिच्यामुळेच शिकले.

म्हणून दिवस गेल्यावर तिने जाहीर केलं, की बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, तेव्हा मला शंका आली नाही. "मग थेट उष्टावणाची खीर," असं ती पोटावर हात ठेवून सांगायची.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिची आई केव्हाच गेलेली. म्हणून लोणी काळभोरहून सासूबाई विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर आल्या. सिझर झालं. सुरुवातीला दूध उतरेना म्हणून दवाखान्यात पावडरचं पाजलं. तो डबा मग घरी आला.

मी भेटायला गेले तेव्हा सासूबाई तिला अळिवाची खीर भरवत होत्या. "खा बाई, दूध वाढंल." तेवढ्यात बाळ रडलं. प्रतिभा उठू लागली, तशी त्यांनी तिला खांद्याला धरून निजवलं. "टाकं ओलं हाईत तुझं. नीज तू, मी हाय की." आणि बाटली भरायला आत गेल्या.

मी हळूच म्हटलं, "अगं, नाही म्हण ना."

"साहेबाले म्हणता येते," ती म्हणाली. "ही बाई माझे पाय चेपते वं. हिले कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

बाटलीने पोट भरलेलं बाळ अंगावर घेतलं की दोन घोट पिऊन झोपे. ते ओढेना, तसं दूध आटत गेलं. दूध आटलं, तसं खिरीत तूप वाढलं. येणारी प्रत्येक बाई चपला काढतानाच विचारी, "दूध पुरतंय ना?" नवरा समजावी, "कशाला जीवाला त्रास? डबा आहे ना." त्या घरात तिच्या वाईटावर कुणीच नव्हतं. असतं तर ती भांडली असती.

पुढे पुढे बाळ छातीशी धरलं की पाठ ताठ करून किंचाळू लागलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "ऐकून राहिली ना? मीच परकी झाली त्याले."

उष्टावणाला गेले, ती आमची शेवटची भेट. पुढे नवऱ्याची बदली होऊन ती मंडळी दूर गेली. त्या दिवशी मामाने चांदीच्या वाटीतली खीर बाळाला चाटवली. बाळ गुटगुटीत. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "आईच्या दुधाचं तेज आहे हो!"

"तिला कुठलं दूध?" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "म्या वाढवलंय त्याला."

"खरंय," प्रतिभा म्हणाली. "आईंनीच वाढवलं."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "असं काय म्हणालीस? तुला दूध होतं."

"होतं वं." ती बाटली घासत होती. "पण नव्हतंच म्हटलं, की लोक पुढं काही विचारत नाहीत."