काकांना पसंत पडलेली बोट

आमच्या हिच्या थोरल्या काकांना पसंत पडेल अशी वस्तू जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून अजून तयार व्हायची आहे, असं मी अगदी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. माणसांचं सोडा. माणसं त्यांच्या मते मुळातच बिघडलेली निघतात, त्यामुळे त्यांच्यावर ते वेळ घालवत नाहीत. त्यांचा सगळा राग वस्तूंवर. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एसटीची बाकं, देवळांचे तयार घुमट, नव्या बंगल्यांचे दरवाजे, माझ्या गाडीचा बंपर, यांतलं काहीही समोर आलं की काका खिशातून एक जुना जाडजूड रुपया काढतात. हा रुपया खर्चायचा नसतो, वाजवायचा असतो. मान तिरकी करायची, डोळे मिटायचे, वस्तूवर दोनचार ठिकाणी टकटक करायचं आणि निकाल द्यायचा. निकालही दोनच. एक, "पोकळ हाय." आणि दुसरा, "लई पोकळ हाय."

मी हिला बघायला आळ्याला गेलो तेव्हा मोटरसायकलवरून गेलो होतो. नवंकोरं हेल्मेट होतं, तेही जरा भाव खाण्यासाठी घेतलेलं. पोह्यांची बशी हातात यायच्या आधी ते काकांच्या हातात गेलं. भरल्या बैठकीत त्यांनी ते चहूबाजूंनी वाजवलं, कानाला लावलं आणि माझ्या मांडीवर परत ठेवत म्हणाले, "पावणं, ह्ये काय डोस्कं वाचवनार न्हाई." मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि पुढे म्हणाले, "पन वाचवायसारखं तरी काय असंल म्हना." आतल्या खोलीतून जे हसू ऐकू आलं ते हिचं होतं, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर उशीर झाला होता.

हा रोग त्यांना कुठून लागला ते सांगायला हवं. उमेदीची सगळी वर्षं काकांनी उरणकडच्या खाडीकाठी एका शेडमध्ये फायबरच्या बोटी बांधण्यात काढली. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन ओतायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. थर वाळून दगडासारखे होतात. पण मध्ये कुठे हवा राहिली, किंवा पुढे कधी बोटीला अवघड जागी ताण बसला, तर थरांचे पदर सुटतात. वरून काही दिसत नाही, रंग तसाच, चकाकी तशीच. फक्त नाणं वाजवलं की चांगली जागा 'टण' म्हणते आणि सुटलेली जागा 'भद' म्हणते. पदर सुटलेली पोळी चांगली आणि पदर सुटलेली बोट वाईट, एवढं ज्ञान आणि हातांना कायमची खाज घेऊन काका गावी परतले आणि बोटीला लावायची परीक्षा सगळ्या मुलखाला लावत सुटले.

आता हे ज्ञान सगळीकडे चालत असतं तर मी तक्रार केली नसती. पण काकांनी वाजवून आणलेलं एकही कलिंगड आमच्याकडे लाल निघालेलं नाही. माझ्या सासूबाईंच्या गच्चीवर फायबरची पाण्याची टाकी बसवली, तेव्हा काकांनी तिला प्रदक्षिणा घालून जाहीर केलं की ही दिवाळी बघणार नाही. त्या टाकीने त्यानंतर किती दिवाळ्या बघितल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. सासूबाई मात्र दर दिवाळीला एक पणती टाकीपाशी नेऊन ठेवतात आणि काका फराळाला आले की मुद्दाम विचारतात, "भावजी, गच्चीवर जाऊन आलात का?" काका चकली मोडून तिचा आवाज ऐकतात आणि म्हणतात, "पोकळ हाय."

आणि गंमत अशी की एवढ्या बोटी बांधलेला हा माणूस आयुष्यात एकदाही बोटीत बसलेला नाही. एकदा आम्ही सगळे घारापुरीला निघालो, तर काका धक्क्यावरच थांबले आणि दिवसभर आमच्या पिशव्या राखत बसले. कारण विचारलं तर म्हणाले, "ज्यानं बोट आतनं बघितली, त्यो बसत न्हाई."

अशा माणसाच्या पुतण्याने बोट आणावी, याला काय म्हणावं. संपत म्हणजे माझा मेहुणा. त्याचं आळेफाट्याला हायवेवर हॉटेल आहे. मिसळ चांगली असते, पण संपतचं लक्ष मिसळीत कधीच नसतं. डिंभ्याच्या धरणावर पर्यटक येतात, त्यांना फिरवायला एक मोठी बोट हवी, असं त्याच्या डोक्यात शिरलं आणि मुंबईच्या कुणा धनिकाची जुनी बोट त्याने माळशेज घाटातून ट्रेलरवर घालून आणली. शौकिनांची मासेमारीची बोट. एसटीहून हातभर लांब, मागे खुर्च्या, गळ अडकवायला नळ्या, मध्ये छोटी केबिन, तिला कुलपाचं दार. हॉटेलामागच्या मोकळ्या जागेत दोन ओंडक्यांवर ती टेकवली आणि बेल्ह्याच्या बाजारातून परतणारे लोक टेंपो थांबवून बघायला यायला लागले. हे श्रीमंत लोक मोठा मासा धरतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात, असं संपतने सांगितलं, तेव्हा एक शेतकरी बराच वेळ विचार करून म्हणाला, "मंग धरत्यात कशाला? माशाची नुसती ओळख करून घ्यायला?"

पहिल्याच दिवशी काका आले. आम्ही सगळे काम सोडून उभे राहिलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो. काकांनी रुपया काढला आणि पुढच्या टोकापासून सुरुवात केली. टण. टण. टण. एक फेरी झाली. दुसरी फेरी त्यांनी खाली वाकून, तळाला हात लावून केली. मग आत चढले, केबिनचं दार उघडलं, लावलं. दाराने हाताचं बोट मोडल्यासारखा 'कट' आवाज केला आणि ते नीट बसलं. तळाच्या एका झाकणातून हात खांद्यापर्यंत आत घालून त्यांनी काहीतरी चाचपलं. खाली उतरून रुपया खिशात टाकला आणि म्हणाले, "बरी हाय."

संपत म्हणाला, "काका, परत बोला."

"बरी हाय म्हनलं. ऐकाया येत न्हाई का? तळ भरीव हाय. आतल्या लांब तुळया तळाला गच्च धरून हायत, कुठं नख शिरत न्हाई. ज्यानं केली त्यानं मन लावून केली."

मी ताबडतोब हिला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "ताप आहे का त्यांना?"

ताप नव्हता. पण त्यानंतर काका रोज आळ्याहून फाट्यावर येऊ लागले. बोटीला एक फेरी घालायची, दोनतीनदा वाजवायचं, चहा प्यायचा, चहाला नावं ठेवायची आणि जायचं. नातवाला बघायला यावं तसं. मी याची भरपूर टिंगल केली. पण त्या आठवड्यात त्यांनी माझ्या कुठल्याच वस्तूला पोकळ म्हटलं नाही, हेही खरं.

मग जे झालं ते आमच्याच मुलखात होऊ शकतं. धरणावर नेण्याचा रविवार ठरला. सगळं घर बसणार होतं, सासूबाई, ही, आमची मुलगी, मी. आदल्या शुक्रवारी बाजाराहून आलेल्या एका म्हाताऱ्याने शंका काढली, "पन गळती का न्हाई, ह्ये बघितलं का?" शंका सगळ्यांनाच पटली. आणि आमच्याकडे कुठलीही वस्तू गळते का हे बघायची एकच रीत आहे. फवारणीची टाकी असो, घागर असो, की नवा हौद असो. त्यात पाणी भरायचं. संपतने ट्रॅक्टरचा टँकर बोलावला, नारळ फोडला आणि जावयाचा मान म्हणून पाइप माझ्या हातात दिला. मीही छाती पुढे काढून तो बोटीत सोडला. टँकरच्या चारपाच खेपांत बोट काठोकाठ भरली. ओंडके कुरकुरले, पण ते लाकूडच आहे, कुरकुरणारच, असं आम्ही ठरवलं. थेंब गळला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी काका आले तेव्हा पाणी काढून टाकलेलं होतं, पण खाली चिखल होता. "पानी कसलं ह्ये?" त्यांनी विचारलं.

"भरून बघितली काका," संपत म्हणाला. "टँकर वतला आत. थेंब न्हाई गळला."

"आत?"

"मंग काय भाइर वतायचा?" यावर हॉटेलातली पोरं हसली. मीही हसलो.

काका हसले नाहीत. "आरं, बोट पान्यात असली की पानी तिला समद्या आंगानं झेलतं. तिला भाइरचं पानी दाबनार, म्हनून तशी बांधत्यात. तुमी दोन वंडक्यांवर टांगून तिच्या पोटात टँकर घातला." एवढं बोलून ते खाली वाकले. टण. टण. मग दोन ओंडक्यांच्या मधे, भद. भद. त्यांनी पुन्हा वाजवलं, जणू नाणंच चुकत असेल. भद. "उद्याला हिला पान्यात घालू नका," ते म्हणाले. "लाटंचा एक फटका बसंल आन तळ उकलंल."

संपतने हात झटकला. "काका, आमच्या टाकीला बी तुमी हेच म्हनला व्हता."

 इतकी वर्षं ज्याच्यात्याच्यावर पोकळ, पोकळ म्हणून त्यांनी शब्द उधळले होते. आता खरी गरज पडली तेव्हा त्यांच्याजवळ एकही उरला नव्हता. ते माझ्याकडे वळले. "पावणं, तुमी तरी पोरीला बसवू नका." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आजारी माणसाशी बोलावं तसं काहीतरी गोड बोललो. तो हात त्यांनी बाजूला केला आणि संपतला म्हणाले, "ठीक हाय. तुमी समदी बसनार, तर मंग मी बी बसतो."

हे वाक्य संपतने घरी जाऊन मोठ्या खुशीत सांगितलं, की बघा, काकाही शेवटी तयार झाले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"भावजी बसतो म्हनले?"

"हा ना. सवताहून."

"आरं येड्या," सासूबाई म्हणाल्या, "त्या मानसानं जल्मात पान्यातल्या बोटीला पाय लावला न्हाई. त्यो आपल्यासंगं बुडाया निघालाय, आन तू हसतुयास."

त्यांनी तवा उतरवला, मला गाडी काढायला लावली आणि थेट फाट्यावर आल्या. काका ओंडक्याशेजारी बसून होते. सासूबाईंनी रुपया मागितला नाही, तळ बघितला नाही. त्या शिडीवरून आत चढल्या आणि केबिनचं दार लावून बघितलं. दार चौकटीला घासून अर्ध्यातच अडलं. त्यांनी खांदा लावला. तरी अडलंच. "परवा मी हिची पूजा केली तवा ह्ये दार गपकन लागत व्हतं," त्या वरूनच म्हणाल्या. "लाकडाचं दार पावसाळ्यात फुगतं, ह्ये मला ठावं हाय. पन ह्ये तर फायबर. ह्ये कशानं फुगलं रं संपत?"

संपत वर गेला, दार ओढून बघितलं, लोटून बघितलं. दार फुगलेलं नव्हतं, चौकट वाकडी झाली होती. म्हणजे खालची अख्खी बोटच पिळली गेली होती. "माझ्या घरातलं कुनी ह्याच्यात बसनार न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि उतरल्या. रविवारी आम्ही डिंभ्याला गेलोच नाही. घरी बसून मिसळ खाल्ली.

संपत बरेच दिवस घुश्शात होता. खाजगीत तो असंही म्हणत असे की म्हाताऱ्यांनी मिळून वाटोळं केलं. मग त्याच्या डोक्यात नवीन शिरलं. बोटीच्या कुशीला दार पाडायचं, आत बाकं टाकायची आणि तिची फॅमिली रूम करायची. कटर चालला, कुशीचा तुकडा निघाला, आतली जमीन उचकटली आणि सगळ्यांना दिसलं. ज्या तुळया तळाला धरून होत्या, त्या मधल्या भागात तळापासून उचकटल्या होत्या. फटीत माझा पंजा सहज गेला. मी तो घाईने बाहेर काढला, कारण त्या तळावर माझी मुलगी बसणार होती.

आम्ही सगळे आता काकांच्या भाषणाची वाट बघत उभे होतो. "मी सांगत व्हतो" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी कलिंगडाच्या वेळीसुद्धा म्हटलेलं आहे. पण ते पुढे आले, त्या फटीवरून हात फिरवला आणि फक्त म्हणाले, "चांगली व्हती."

आता त्या बोटीत मिसळ मिळते. नाशिककडे जाणारी कुटुंबं गाडी थांबवून आत बसतात, पोरं सुकाणू फिरवतात, लोक फोटो काढतात आणि पाव जास्तीचा मागतात. काकांनी बोटीत बसायचं कधी नव्हे ते सुरू केलंय. संध्याकाळी येतात, पुढच्या टोकाला ठरलेल्या बाकावर बसतात, चहा पितात. मी टोचून विचारलं, "काका, आता भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "हितं काय, लई तर मिसळीत बुडू." चहा अर्थातच पोकळ होता. मिसळही. माझा नवा फोनही त्यांनी वाजवून बघितला, आणि त्याचं काय झालं ते मी सांगत नाही.

मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा आत गर्दी नव्हती. काका पुढच्या टोकाकडे तोंड करून बसले होते. ती जागा ओंडक्यांच्या पलीकडची, तिथला तळ पाण्याच्या भाराने वाकला नव्हता. मी शेजारी जाऊन बसलो. काकांनी खिशातून रुपया काढला, पण वाजवला नाही. माझा हात ओढून घेतला आणि तो जाड रुपया माझ्या तळव्यावर ठेवला. इतक्या वर्षांत त्या रुपयाला मी पहिल्यांदाच हात लावत होतो. झिजून त्याच्यावरचं सगळं पुसलेलं होतं.

"येवढी जागा अजून तशीच हाय," ते म्हणाले. "वाजवा, पावणं. हळू वाजवा."