डोर खोटं बोलत नाही

माझे वडील नानाजी, आमचे बा, गावाचे पाणमोजे होते. हा सरकारी हुद्दा नव्हे. रिसोडपासून दोन कोसांवर आमचं गाव. संवत छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात गावविहीर कोरडी पडली आणि माणसं पाण्यावाचून गेली, तेव्हा उरलेल्या लोकांनी एक नेम केला. होळीपासून पावसापर्यंत रोज सकाळी विहिरीचं पाणी मोजायचं, आणि ते फार खाली गेलं तर ज्या मळ्याच्या मोटेमुळे ते उतरतं ती मोट थांबवायची. कोणती मोट, हे पाणमोज्यानं सांगायचं. त्याचा शब्द शेवटचा.

त्यासाठी बांकडे अंबाडीची एक जाड डोर होती. तिला हाता-हातावर गाठी, टोकाला धोंडा. डोर विहिरीत सोडायची, किती गाठी भिजल्या ते पाहायचं. नाल्यातल्या खडकावरही त्यांनी टाकीनं खुणा पाडल्या होत्या. नाला कोणत्या खुणेवर वाहतो आणि कोणत्या तिथीला आटतो, हे त्यांना पोरांच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ. माझा जन्म कोणत्या महिन्यातला हे विचारलं तर म्हणायचे, "नाला तिसऱ्या खुणेवर होता तवाचा." अशा माणसाच्या पोटी जन्म घेणं सोपं नव्हतं. चुलीवरच्या गंजातलं पाणी कमी झालं तरी ते वाकून बघायचे!

त्यांचा डोरीवर देवासारखा विश्वास होता. कोणी पाण्याबद्दल काही बोललं की ते एकच उत्तर देत, "माणूस खोटं बोलते, जीभ खोटं बोलते. डोर बोलत नाई."

आता जी गोष्ट सांगायची ती सन एकोणीसशे एकवीसच्या उन्हाळ्याची. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. गावविहीर इतकी खाली गेली की पोहरा बुडेना. बाया पायऱ्या उतरून तळाशी जात आणि नारळाच्या करवंटीनं पाणी भरत. चैत्रात एका सकाळी रामकिसनची बायको चतुराबाई ओल्या पायरीवरून घसरली. विहिरीत पाणी असतं तर भिजून वर आली असती. खाली नुसता काळा खडक होता. मी तेव्हा बारा वर्षांची, पायऱ्यांवर तिच्या मागेच उभी होते. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

गाव हादरलं. विहिरीचं पाणी कोणी पळवलं, हाच एक प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. जवळ दोनच मळे होते. एक खुद्द रामकिसनचा, गावविहिरीपासून तीस पावलांवर, वांगी-मिरचीचा दीड एकर. दुसरा नाल्यापलीकडे, उदयसिंगची केळीची बाग. त्याची विहीर चांगली दीडशे पावलं लांब, आणि मधे नाला. सगळ्यांचं बोट रामकिसनकडे वळलं. त्याच्या विहिरीचं पाणी मचूळ, गावविहिरीचं गोड, आणि उदयसिंगचंही गोड, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून तर चतुराबाई घरची विहीर सोडून गावविहिरीवर यायची. पण जीभ खोटं बोलते ना!

बांनी रामकिसनला सांगितलं, "तीन दिवस मोट बंद ठेव. पाणी चढलं तर झरा एक, नाई चढलं तर येगळा." बायकोचे दिवस नुकते उरकलेला तो माणूस, त्यानं मुकाट्यानं बैल सोडले. तीन दिवसांनी बांनी डोर टाकली. पाणी हातभर आणि वर चार बोटं चढलं होतं.

बांनी पंचांपुढे निकाल दिला. रामकिसनच्या विहिरीवरचं चाक उतरवलं, नाडा काढून नेला. महिन्याभरात वांगी उभी वाळली. आणि गावानं त्यापुढचं वाक्य स्वतःच जोडलं, की चार वांग्यांसाठी यानं स्वतःची बायको मारली. आषाढात घराला कडी लावून रामकिसन गाव सोडून गेला. पुढे पाऊस बरे झाले. एखाद्या उन्हाळ्यात विहीर पुन्हा खाली जाई, तेव्हा बा म्हणत, पाऊसच कमी होता.

त्यानंतर अकरा वर्षांनी मी दोन लेकरं घेऊन अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आले होते आणि गावात पटकी शिरली. पाच दिवसांत सात माणसं गेली. तालुक्याहून विहिरीत दवाई टाकणारा सरकारी माणूस आला. त्यानं बादलीत जांभळे खडे विरघळवले आणि दुपारी गावविहिरीत ओतले. पाणी जांभळं-लाल झालं. गाव काठावर जमून तोंडात बोट घालून बघत राहिलं. "रातभर कोणी पाणी भरू नका, सकाळी भरा," असं बजावून तो माणूस पुढच्या गावी गेला.

रात्रीचं पाणी संपल्यावर आम्ही बाया पहाटे घागरी घेऊन उदयसिंगच्या मळ्यावर गेलो. मोट चालू होती. पहिली मोट आली ती दगडी हौदात पडली आणि माझ्या पुढची नानीबाई किंचाळली. हौदात लाल पाणी होतं.

माझ्या हातून घागर सुटली. कोणी म्हणालं रक्त आहे, कोणी म्हणालं मरीआई कोपली. मोटकऱ्यानं बैल तिथेच सोडले आणि तो पळत सुटला. उदयसिंग धावत आला. पाणी बघून त्याचं तोंड पांढरंफटक पडलं, मग एकदम लाल झालं.

"माह्या इहिरीत दवाई कोनं टाकली?" तो ओरडायला लागला. "माही बाग मारून राह्यले काय?"

कोणीच टाकली नव्हती. त्याचा रखवालदार रात्रभर विहिरीच्या कठड्यावरच निजलेला होता. मी घरी पळाले आणि बांना घेऊन आले. बांनी हौदातलं पाणी ओंजळीत घेतलं, उजेडाकडे धरलं. मग ते तडक नाला ओलांडून गेले, रामकिसनच्या विहिरीवर. तिच्यावर घाणेरीचं रान माजलेलं. त्यातून वाट काढून त्यांनी लोटा सोडला. पाणी वर आलं. निवळशंख.

तीस पावलांवर दवाईचा टिपूस नाही, आणि दीडशे पावलांवर, नाल्याच्या खालून, लाल पाणी! मला तर पायाखालची जमीन पोकळ आहे असंच वाटायला लागलं.

ते लाल पाणी बघून उदयसिंगचे गडी मोटेला हात लावायला तयार होईनात. मोट तीन दिवस उभी राहिली. बांनी तीनही दिवस गावविहिरीवर डोर टाकली. चौथ्या सकाळी ते घरी आले आणि ओट्यावर बसले. डोर त्यांच्या मांडीवर होती.

"चढलं?" मी विचारलं.

"हातभर," ते म्हणाले. "अन् चार बोटं."

मला त्याचा अर्थ लगेच लागला नाही. त्यांना लागला होता. पण त्यांच्या डोक्यात अजून एक गाठ सुटत नव्हती. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मंग त्या साली रामकिसनची मोट बंद केल्यावर पानी कसं चढलं? उदयसिंगची तर चालू होती."

आणि मग त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "गोजरे, तुह्या लग्नाले गाड्या किती होत्या?"

"चार," मी म्हणाले.

"बैल कोनाचे?"

दोन आमचे, सहा उदयसिंगचे. गावात पाहुण्यांच्या तोंडात घालायला पाणी नव्हतं, म्हणून माझं लग्न सासरच्या गावी लागलं होतं. उदयसिंगनं आपण होऊन मोटेचे बैल सोडून दिले होते. म्हणाला होता, "नानाजीची पोरगी ते माही पोरगी." तीन दिवस ते बैल माझ्या लग्नाच्या गाड्या ओढत होते, आणि रामकिसनची मोट बंद होती त्याच तीन दिवसांत त्याचीही मोट उभी होती. बा त्याच गाडीत बसले होते. बैलांच्या पाठी बघत गेले आणि बघत परत आले. घरी येऊन त्यांनी डोर टाकली, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

त्या क्षणी मला रामकिसनचं काही वाटलं नाही, हे मी खरंच सांगते. मला माझंच वाटलं. बा उठून पंचांकडे निघाले तेव्हा मी दारात आडवी झाले.

"बा, सांगू नका! लोक म्हनतीन, बैल देऊन निकाल घेतला. माह्या सासरी काय तोंड दाखवू? लाचेच्या बैलांनी आनलेली नवरी म्हनतीन मले."

"म्हनतीन," बा म्हणाले.

"अकरा वर्सं झाली. कोनाच्या ध्यानात तरी हाय काय?"

"रामकिसनच्या असंन," ते म्हणाले, आणि मला बाजूला करून गेले.

मारुतीच्या ओट्यावर त्यांनी सगळं सांगितलं. बैलांसकट. अर्धा गाव एकदम बोलायला लागला. जे मी म्हणाले होते तेच कोणीतरी म्हणालंच, "बैल फिरले अन् निकालबी फिरला काय, नानाजी?" उदयसिंग ताडकन उठला. त्याचे डोळे भरले होते. "म्या लग्नाले बैल देल्ले, लाच नाई देल्ली! बाप्पा, मले काय मालूम खाली काय वाह्यते ते!" मला त्याचाही राग आला आणि त्याचीही दया आली. तो खरंच बोलत होता. त्यानं स्वतःहून सांगितलं की गावविहीर उतरली की आपली मोट पहिली थांबेल. बांनी डोर ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, दुसरा कोणी मोजा. ती उचलायला कोणी पुढे झालं नाही.

पटकी ओसरल्यावर मला सासरी पोचवायला बा निघाले. वाट वाशीमवरून जाते. रामकिसन वाशीमला आहे, बाजारात हमाली करतो, एवढं कानावर होतं. बाजारात विचारलं तर एकानं गुलाम नबी नावाच्या कापडवाल्याचं दुकान दाखवलं. दुकानाच्या सावलीला चार रांजण मांडलेले, त्यांना ओलं फडकं गुंडाळलेलं. ती पाणपोई होती. रांजणांमागे एक वाळलेला म्हातारा पळी घेऊन बसला होता. तो रामकिसन आहे हे मला पटेना. बांपेक्षा तो दहा वर्षांनी लहान.

त्यानं आम्हाला ओळखलं. "नानाजी? या. पानी घ्या," म्हणत पळी पुढे केली.

"आंधी आयक," बा म्हणाले. त्यांनी ओंजळ धरली नाही. उभ्या उभ्या सांगितलं, लाल पाणी, तीन दिवस, बैल, सगळं. आवाज कुठे अडखळला नाही. फक्त शेवटी म्हणाले, "तुह्या मोटीनं गावइहिरीचा एक थेंब नेला नाई, रामकिसन. चतुरा तुह्यामुळं नाई गेली. म्या खोटा निकाल देल्ला."

मला वाटलं आता हा पळी फेकून मारेल. मारावी, असंही वाटलं. रामकिसननं विचारलं, "माह्यामुळं नाई?"

"नाई."

"मी तर रोज म्हनत होतो, मीच मारलं," तो म्हणाला. "दर उन्हाळ्यात पानी पाजून राह्यलो, पाप थोडं तरी फिटन म्हून. तिच्यासाठी एक डाव रडलो नाई, नानाजी. मारनाऱ्यानं कोन्या तोंडानं रडावं?"

पळी त्याच्या हातातून पडली. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भर बाजारात, चतुराबाईचं नाव घेऊन, तो मोठ्यानं रडायला लागला. घरात नुकतीच मयत झाल्यावर माणसं रडतात तसा. मी असं पुरुषाला रडताना पाहिलं नव्हतं. माझी लेकरं घाबरून मला बिलगली. बा त्याच्याजवळ खाली बसले, पण त्याला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

आवाज ऐकून गुलाम नबी कापड मोजायचा गज हातात घेऊनच दुकानातून धावत बाहेर आले. माणसं जमली.

"या अल्ला! काय झालं? कोन गेलं?" त्यांनी बांना विचारलं.

"याची बायको," बा म्हणाले.

"कवा?"

बांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडलेली पळी उचलली, रांजणातलं पाणी घेतलं आणि रामकिसनपुढे धरलं.